धाकूची वीत

आमच्या घरात कमी भरलेल्या कुठल्याही मापाला
धाकूची वीत म्हणतात.
परकराला कापड अपुरं पडलं, धाकूची वीत.
शेवटच्या पंगतीला भाताचं टोप खरवडावं लागलं,
धाकूची वीत.
बारावीला मला दोन मार्क कमी पडले
तेव्हाही बाबा एवढंच म्हणाले, आणि जाळं विणत बसले.

धाकू मेतर. माझा पणजा. फत्तेमारीवरचा सुतार.
तांबळडेगहून निघायचा नारळ, काथ्या, कौलं भरून
आणि खजूर घेऊन यायचा,
यायचा तेव्हा.
डाव्या हाताला करंगळी नव्हती.

ती कुठे गेली यावर आमच्यात दोन चुली झाल्या आहेत.
थोरल्या घरात ती मुशीने नेली.
धाकट्या घरात नांगराच्या दोरात अडकून तुटली.
बाबा सांगायचे, त्याने स्वतःच वाकसाने उडवली, पैजेवर.
पैज कसली, ते सांगायच्या आधी बाबा गेले.
आनशीआत्याकडे चौथी गोष्ट आहे
पण ती पोरांसमोर सांगायची नाही, असं ती म्हणते.
मी आता सत्तेचाळीस वर्षांचा आहे.

इथे सूरला मी गॅसच्या प्लांटवर क्रेन तपासतो.
हुक, साखळ्या, दोर:
कोण किती ओझं पेलेल त्या कागदावर माझी सही असते.
शुक्रवारी सुट्टी. कपडे धुऊन होतात, घरी फोन होतो,
मग खाडीकडेने चालत जातो
जिथे अजून एक-दोन लाकडी गलबतं
फासळ्या उघड्या टाकून उभी असतात.

जुमा म्हातारा तिथे फळीवर वाकला होता.
कानावर पेन्सिल, कमरेला स्टीलचा टेप.
टेपला हात न लावता तो डाव्या हाताने मोजत चालला,
अंगठा, अनामिका, अंगठा, अनामिका,
आणि करंगळी आत मिटलेली.

बोट दुखतं का, मी हिंदीत विचारलं.
त्याने पंजा उघडून दाखवला. पाचही बोटं शाबूत.
म्हणाला, माप असंच घेतात.
माझा बाप असंच घ्यायचा, त्याचा बापही.
का, ते आजवर कुणी विचारलं नाही.
तू का विचारतोस?

माझ्या हातातल्या चहावर साय धरली होती.
समोरच्या किनाऱ्यावर दीपस्तंभ, त्यावर एक कावळा,
आमच्याकडच्यासारखाच, जरा बारीक.
मी म्हटलं, असंच.
धाकूचं नाव काढलं असतं तर तो हो म्हणाला असता.
पाहुण्याला नाही म्हणायची इथे रीत नाही
आणि त्या एका हो वर
आमच्या घरात पाचवी गोष्ट उभी राहिली असती,
माझ्या सहीची.

रात्री कॅम्पमध्ये टेबल मोजलं, करंगळी मिटून.
आठ भरल्या, वर चार बोटं.
मग पूर्ण हाताने मोजलं. मग पुन्हा मिटून.
खोलीतला बिनू वरच्या बंकवरून बघत होता,
त्याने काही विचारलं नाही, कूस बदलली.

शेवटी आत्याला फोन लावला.
‘खंयचो सूर नि खंयचो ताल!’ ती उसळली,
‘धाकू मस्कताच्या फुडे कदी गेलोच नाय.
कोण कायव सांगता नि तू आयकतस.’
मी म्हटलं, त्याने काहीच सांगितलं नाही, मी बघितलं.
पलीकडे पंख्याचा आवाज. कुणीतरी टीव्ही बारीक केला.
मग तिने तोंड फोनला अगदी लावून विचारलं,
‘डोळे घारे आसत काय रे त्येचे?’

ऊन होतं गे आत्ये, मी म्हटलं,
त्याने डोळे बारीक केले होते.

‘मगे फुडल्या सुक्रारी जा,’ ती म्हणाली.
‘नि सकाळी जा.’